भिंतीकडे तोंड केलेली पार्सलं

जबाब देणार: नाव ठाण्याच्या नोंदीत आहे, गल्लीत ‘बटणवाले’ म्हणून ओळख. वय ६३ वर्षे. धंदा बटणं, दोरे व लेस विकण्याचा. राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझं दुकान या जागी एकतीस वर्षं आहे. दुकानाच्या बरोबर वर एकच खोली आहे. तिथे मयत बाई शिवणकाम करत व एकट्या राहत. मी त्यांना बाई म्हणत असे, त्या मला भाऊ म्हणत. नातं काही नव्हतं.

बाई एक बटण घ्यायला आल्या तरी तासभर जाई. सगळे डबे उघडायला लावायच्या, बटण कापडावर ठेवून दारात उजेडात न्यायच्या आणि शेवटी पहिलंच घ्यायच्या. मी कुरकुर करत असे, पण तो तास मला आवडत असे. वर काम चालू असताना काही संपलं, तर त्या कात्रीच्या मुठीने फरशीवर दोनदा ठोकत आणि मी डबा घेऊन जात असे.

दोन वर्षांपूर्वी परगावी असलेल्या मुलीने त्यांना टॅब दिला. त्यात सिम नव्हतं. शेजारच्या वायफायवर निरोप आणि खरेदी, एवढंच त्यावर चाले. मग त्यांची पार्सलं सुरू झाली. माझं दुकान दिवसभर उघडं, त्यामुळे पार्सलवाले सगळ्या गल्लीचा माल माझ्याकडेच टाकत. म्हणजे माझं गिऱ्हाईक पळवणाऱ्यांची राखण मीच करत होतो. त्यावर छापलेली कंपन्यांची नावं दिसू नयेत म्हणून मी पार्सलं भिंतीकडे तोंड करून ठेवत असे.

तीन महिन्यांपूर्वी बाई एक रीळ घेऊन खाली आल्या. फोटोत डाळिंबी दिसलेला दोरा विटकरी निघाला होता. कापडाशी जुळणारा काढून द्या, म्हणाल्या. मी म्हणालो, “जिथून मागवलात, तिथेच विचारा.” बाईंनी कापडाची घडी केली आणि गेल्या. त्यानंतर ठोकणं बंद झालं. त्या पार्सल न्यायला येत, पण डब्यांकडे बघत नसत. मीही मान वर करत नसे.

मंगळवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी वरून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. त्या वेळी लेसचा व्यापारी माझ्यापाशी बसला होता. मी त्याला म्हणालो, “गरज सरो, वैद्य मरो. आता आठवण झाली.” आणि रेडिओ मोठा केला. चारच्या सुमारास पुन्हा आवाज आला. बुधवारी एकदाच आला.

गुरुवारी साडेबाराला बाईंचं पार्सल आलं. मी यंत्रावर बोटाने सही केली. कोणी घेतलं, या ठिकाणी पार्सलवाल्याने ‘घरच्यांनी’ असं दाबलं. ते मी पाहिलं व तसंच राहू दिलं. तो म्हणाला, “काका, यावर काहीतरी लिहिलंय.” मी म्हणालो, “ठेव. येतील त्या.” पार्सल मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

शुक्रवारी, शनिवारी, रविवारी वरून काहीच आवाज आला नाही. मला बरं वाटलं. हेही लिहून घ्यावं.

सोमवारी सव्वानऊला मुलीचा फोन आला. माझा नंबर तिला दुकानाच्या जुन्या पिशवीवर मिळाला होता. आई निरोपाला उत्तर देत नाही, पण खरेदीचं खातं दोघींचं एकच असल्याने त्यात पार्सल घरच्यांनी घेतलेलं दिसलं म्हणून आपण निर्धास्त होतो, असं ती म्हणाली. मी वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई शिलाई मशीनजवळ जमिनीवर अंथरुणात होत्या. पाय सुजलेला होता. उशाशी पाण्याची बाटली रिकामी होती व टॅब चार्जिंग संपून बंद पडला होता. कात्री हाताजवळ होती आणि फरशीवर तिच्या मुठीएवढी जागा पांढरी पडली होती. त्या शुक्रवारी गेल्या असाव्यात, असं डॉक्टरांचं मत मला ठाण्यात सांगण्यात आलं.

बाईंनी मंगळवारी मुलीला पाठवलेला निरोप मला ठाण्यात दाखवण्यात आला. “पाय मुरगळलाय. काळजी करू नकोस, खाली भाऊ आहेत.”

पार्सल माझ्यासमोर उघडलं. आत पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ होतं. बाईंच्या खणात माझ्या दुकानातली पांढरी नऊ रिळं न उघडलेली होती. त्यांना दोऱ्याची गरज नव्हती. पार्सलवर पत्त्याखाली सूचना छापलेली होती, ती अशी: “खालच्या दुकानात द्यावे. भाऊ, कडी काढून ठेवलीय. हे घेऊन वर या.”

बाई अडचणीत आहेत हे मला माहीत होतं का, असं विचारलं. माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला सतरा पायऱ्या होत्या.

सोमवारनंतर मला रोज जिन्यात पाहिल्याचं शेजारी सांगतात, ते खरं आहे. खोलीला सील आहे, आत कोणी नाही, हे मला कळतं. तरी अकरा वाजून दहा मिनिटांनी वरून दोनदा ठोकल्याचा आवाज येतो. मी रेडिओ विकून टाकला आहे. आवाज आला की डबा घेऊन वर जातो, दाराशी उभा राहतो आणि परत येतो. सीलला हात लावलेला नाही.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला व तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. गुरुवारी मी न वाचता सही केली होती, म्हणून आज चष्मा मागवून घेऊन हा कागद स्वतः पुन्हा वाचला आणि मगच सही करत आहे.