खोगिराचा डोंगर अन् लोकायच्या कुरड्या

...नाही नाही, मेक्सिकोले गेलतो हे खरं आहे, पासपोर्टवर शिक्का आहे, दाखवतो पाह्यजे तं, पण 'तिथं काय पाह्यलं रे' असं मले इचारू नका, कारण मी तिथं सोफे पाह्यले! तुमाले सांगतो, मॉन्टेरे म्हणून एवढं मोठं शहर, काचेच्या उंच उंच बिल्डिंगा अन् चहूकडून डोंगर. डोंगर म्हणजे आपल्या यवतमाळच्या टेकड्या नव्हे हो, उघडेबोडके, करवतीच्या दातासारखे उभे, अन् त्यातला एक तं असा की दोन टोकाले दोन शेंडे अन् मधात खोल, घोड्याचं खोगीरच! तिथले लोकही त्याले खोगिराचाच डोंगर म्हणतात. तो मी पाह्यला. सोफ्यावरून.

आता सोफे कायले? तं आमचे बाबा! दीनानाथराव, पाटबंधारे खात्यातून रिटायर. माझी मोठी बहीण भैरवीताई तिथं गाड्यायचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनेर आहे, तिनं तिकिटं पाठवली. शहाणा माणूस काय करन? चूपचाप बॅग भरन अन् जाईन. बाबांनी अख्ख्या यवतमाळात सांगितलं, "मेक्सिकोला चाललो, तिथं कोणाचं कोणी आहे का? काही न्यायचं का?" अहो, असं इचारते का कोणी? दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर रांग! विजयमालाकाकूच्या पुतण्याले कुरड्या, आर्णीच्या सदाशिवरावांच्या जावयाले तुरीची डाळ, कोणाच्या भाच्याले लोणचं, तेल गळून राह्यलं अन् म्हणतात कसे, "दोन पिशव्यांत घातलं आहे हो!" ताईच्या फोटोतला डोंगर चढाले म्हणून मी मुद्दाम बूट घेतले होते. आईनं ते बॅगेतून काढले. "बुटाच्या जागी किलोभर शेवया बसतात रे." मी चपलेवर मेक्सिकोले गेलो, चपलेवर! तिथं विमानतळावर एका पोलीसबाईनं विजयमालाकाकूची कुरडई उजेडात धरून पाह्यली, मग कुत्र्याले हुंगवली. कुत्र्यानं तोंड फिरवलं. त्याले समजलं, आमच्या घरात कोणालेच समजलं नाही.

आता तुम्ही म्हणान, डोंगरापाशी तुहं काय अडलं होतं बे? सांगतो. मी इंजिनेरिंग तिसऱ्या वर्षाले सोडलं. नापास होऊन नाही, सोडलं. माझा दोस्त रजत, त्याच्या मामाचं इथंच यवतमाळपाशी लोहाऱ्यात पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मामा म्हणे, "ये, शीक, पुढं भागीत घेतो, पण मेक्सिकोवरून आल्याबरोबर हो का नाही ते सांग." मले जाचं होतं हो! पण बाबांच्या घरात राहून, बाबांच्या परवानगीबिगर, हाताले ग्रीस लावून जेवाले बसून दाखवा बरं. अन् बाबा जगात एकाच माणसाचं ऐकतात, भैरवीताईचं, कारण ती परदेशात आहे. तिले फोनवर सांगाव तं बाबा स्पीकर लावतात. म्हणून तिथं पोचल्याबरोबर तिच्या कानात म्हटलं, "ताई, माझ्यासाठी बाबांशी बोलशीन का? जरा मोठी गोष्ट आहे." ती म्हणे, "इथं नको. डोंगरावर जाऊ. बाबांचे गुडघे तिथवर येत नाहीत."

झालं. म्हणून डोंगर.

पहिल्याच सकाळी म्हटलं, बाबा, मी अन् ताई डोंगरावर जाऊन येतो. "अरे, डोंगर काय पळून जाते का? आधी लोकायच्या वस्तू पोचत्या करू. विश्वासानं दिल्या लोकायनं!"

मग सुरू! रोज एक घर, रोज एक सोफा, रोज पोहे. मेक्सिकोत पोहे, बाप्पा! अन् परक्याच्या सोफ्यावर बसलं की बाबांची भाषा लगेच पुण्याची होते. सदाशिवरावांचे जावई इचारतात, "चिरंजीव काय करतात?" मी तोंड उघडाच्या आधी बाबा, "अनिमेषची तयारी चालली आहे." कायची तयारी? हे त्यायनंही इचारलं नाही अन् बाबांनीही सांगितलं नाही. दोन मोठी माणसं एकमेकांकडं पाहून मान हालवून राह्यली, मी मधात, हातात पोह्यांची बशी, जसं काही मी मेलो अन् हे भेटाले आले! जावयाच्या डोक्यामागं खिडकी, खिडकीत तो डोंगर, शिंगं फुटल्यासारखा. मी म्हटलं, "तुम्ही गेलते का हो तिथं वर?" तं म्हणतात, "नाही ना, चार वर्षं झाली, राहूनच गेलं. डोंगर कुठं पळून जातो?"

बाबा असे खूश! "बघ!" म्हणे मले.

अन् निघताना आईची ओटी भरतात, वरून एक पिशवी, "आमच्या सासूबाईंना एवढं द्याल का?" बॅग काही खाली होत नाही. रात्री म्हणाव, बाबा, उद्या? डोंगर काय पळून जाते का!

शेवटच्या दिवशी ताईनं सुट्टी टाकली. बाबा घरी, पण आई म्हणे, "मी पायथ्याशी बसते." आईले सांगणं म्हणजे बाबांलेच सांगणं, वरून मीठ लावून, म्हणून गाडीत मी चूप. पण पोचलो हो! झाडं, गार वारा, वर जाची वाट समोर. मी गाडीचं दार उघडून एक चप्पल जमिनीवर टेकवली... अन् फोन वाजला. "भैरवी, विजयमालाबाईच्या कुरड्या राह्यल्या! तुझ्या डिकीत आहेत! संध्याकाळी विमान आहे, मी त्या बाईले काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, ताई, नको ना. कुरिअर कर. फेकून दे. तिनं माझ्याकडं पाह्यलं... अन् गाडी वळवली. पृथ्वीच्या त्या टोकाले जाऊन राह्यली पोरगी, अन् एका फोनवर वळली! पुतण्या शहराच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात. त्याच्या घरी पोहे. बाहेर आलो तं धुरकट आभाळ उतरलेलं अन् डोंगर नाही, जागाच पुसलेली. घरी आल्यावर म्हटलं, "बाबा, गेला ना पळून!" बाबा म्हणतात, "ढग आहेत ते, मूर्खा."

विमानतळाच्या रांगेत मी ताईले कसंबसं सांगितलं, लोहारा, पंप, रजतचा मामा, बाबांशी बोल. तिनं मले जवळ घेतलं, डोळे भरले होते तिचे, अन् काय म्हणे माहीत आहे? "फोनवर निवांत बोलू रे. लोहारा काय पळून जाते का?"

नाही गेला पळून. काल पाहून आलो, तिथंच आहे. माझ्या जागी मामानं अमर नावाचा पोरगा घेतला. "तुहा काही निरोपच नाही बाप्पा," म्हणे. मी मेक्सिकोवरून आणलेल्या पिशव्या वाटत बाबांच्या मागं फिरून राह्यलो होतो ना!

परवा विजयमालाकाकूच्या सोफ्यावर होतो. बाबा हात पसरून, "काय तो डोंगर! काय ती हवा!" काकू मले इचारते, "चढला का रे वर?" म्हटलं, "नाही काकू. तुमच्या कुरड्या पोचवल्या."

"हो रे, पुतण्याचा फोन आलता," काकू म्हणे. "तळल्यावर फुलल्याच नाहीत म्हणे."