आजोबांच्या डोक्यात मोहरी

वडिलांचा वॉकर परत करायला मी दवाखान्यात बसले होते. शेजारच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती. नातीच्या हातात चहाचा कप होता आणि कपात अंड्याचं माती भरलेलं कवच. कवचावर नाक, डोळे आणि आजोबांसारखाच जाड चष्मा काढलेला.

"सगळ्यांच्या अंड्यांना केस आले. आपलंच टक्कल."

"मोहरी पेरून चारच दिवस झालेत, राणी. धीर धर."

"सोमवारी शाळेत न्यायचंय. बाई म्हणाल्या, हिरवे केस हवेत."

"येतील. तू उकरत नाहीस ना?"

"फक्त सकाळी."

"रोज?"

"मग बघायला नको? तुम्ही नाही उकरत?"

"मी आपला दुपारी. एकदाच."

"आजोबा!"

"म्हटलं, उलटी पडली असेल तर सरळ करावी."

आतून त्यांना हाक आली. नातीने कप माझ्या हातात दिला.

"मावशी, आजोबांना धरा जरा."

"हे आजोबा?"

"चष्मा दिसत नाही का? आणि उकरू नका हं."

"नाही उकरणार."

दहा मिनिटांनी दोघं बाहेर आली.

"उकरलं नाही ना?"

"नाही."

"मग नखात माती कशी?"

"एकदाच बघितलं गं."

"तुम्हीपण! आता मेली असेल मोहरी."

"नाही मेली. तिला पांढरं शेपूट फुटलंय."

"खरंच? आजोबा, ऐकलंत?"

"ऐकलं. घरी गेल्यावर पहिलं आजीला सांग, आजोबांच्या डोक्यात काहीतरी आहे म्हणावं."