मौनीबुवांचं शहाळं

— नाय नाय, उठू नका बुवा, बसा, सावकाश प्या. विहिरीजवळच्या माडाचं हाय, आमच्या गड्याला, देवूला, मुद्दाम चढवलं तुमच्यासाठी. गोड हाय की नाय? मान हलवलीत म्हंजे गोड. बरं झालं. आमचे हे आंघोळीला गेलेत, आज पौर्णिमा, डोक्यावरून आंघोळ, म्हंजे वेळ लागणार — तोवर मी बसते जरा तुमच्यापाशी. तुमचं मौन चालू दे. मौनच बरं. तुमाला सांगते, लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून माझं एक वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाय — सासू मधे, दीर मधे, आणि हे तर मी तोंड उघडायच्या आधीच मधे. ‘शकू, तुला कळत नाय’ — झालं! तुमी आलात, आमच्या ओटीवर आसन टाकलंत, आणि पहिल्यांदा कुणीतरी माझं शेवटपर्यंत ऐकलं. म्हंजे ऐकता ना? डोळे मिटलेले असतात म्हणून विचारलं. आज थोडे उघडे ठेवा. काम हाय.

आज हे तुमाला बांधाकडचे सात माड देणार. जमिनीसकट. तिथं तुमचा मठ होणार, आणि सगळं मुरबे गाव म्हणणार, नरहरीसारखा दाता नाय. कसे देणार? तांब्या भरून आणायचा, तुळशीचं पान ठेवायचं, पळीभर पाणी सोडायचं, की माड तुमचे. पळीभर! हसू आलं हो, रागावू नका. त्या सात माडांना पाणी कुणी घातलं? विहीर इकडं, बांध तिकडं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, सगळा उन्हाळा — माड माझ्या गुडघ्याएवढे होते तेव्हापासून ते माझ्या डोक्यावर गेले तोपर्यंत. विहिरीपासून मुळापर्यंत पाणी मी नेलं, मुळापासून शेंड्यापर्यंत त्यांनी. अर्धी वाट माझी, अर्धी त्यांची. तेव्हा माझ्या हातावर कुणी तुळशीचं पान ठेवलं नाय. मिळालं काय, तर हा गुडघा — उठताना वाजतो, तो ऐकलात ना? तुमचा अंगारा लावला होता त्याला. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस अगदी मनापासून लावला. मग उरलेल्या अंगाऱ्यानं पितळेची भांडी घासली. लखलखीत निघाली. तेवढा गुण हाय त्यात.

तर माड. माडांना अळी लागली, हे तुमाला ठाऊक हाय — काळ्या डोक्याची, एवढीशी, झावळीच्या खालच्या बाजूला बसते आणि खरवडून खरवडून खाते, माड भाजल्यासारखा दिसतो. आमचे हे तुमच्या पायाशी येऊन बसले, म्हणाले, बुवा, माडांना काय झालं? तुमी नुसतं बोट वर केलंत. आता बोट वर म्हंजे काय? मला वाटलं, शेंड्याकडं बघा, अळी बघा म्हणताय. यांना वाटलं, वरचा कोप. झालं! रोज बुंध्याला अंगारा, आणि औषधाला हात लावायचा नाय, बुवांचा शब्द हाय. अहो, शब्द कुठला, बोट होतं ते! पण माझं वाक्य कोण पुरं होऊ देतंय.

आता मला सांगा, बुंध्याला बाहेरून फासलेलं आत जातं का? नाय जात. माड काय अंगानं पितो? माड मुळानं पितो. मुळाशी तुमी जे घालाल ते पाण्यात विरघळून वर जातं. आमी काय घालतो? मीठ घालतो, राख घालतो, आणि मासळी. हो, मासळी — बोंबलाची डोकी, कोलंबीची टरफलं, कुजकं-नासकं सगळं माडाच्या आळ्यात. असं तोंड का केलंत? तुमी अन्न वर्ज्य केलंय, नुसत्या शहाळ्यावर राहता, सगळा गाव पाया पडतो. पण बुवा, त्या शहाळ्यात तेच हाय. बोंबील मुळाशी कुजला, त्याचा कस पाण्यात उतरला, मुळानं प्याला, उभ्या खोडातून गाळून वर गेला, आणि तुमच्या तोंडात गोड झाला. तुमी आल्यापासून आमच्या घरात सगळ्यात जास्त मासळी कुणी खाल्ली असेल तर ती तुमीच. नाय नाय, पाप कसलं त्यात. गाळलेलं हाय.

आणि वर चढवतं कोण? इथं पलीकडं तारापूरला पाणी खेचायला केवढाले पंप, किती माणसं, केवढी घरघर. माडाला काय हाय? काय नाय. वरची झावळी उन्हात तापते, तिच्या पानापानातून वाफ उडून जाते, आणि उडता उडता खालचं पाणी ओढते — जसं तुमी आता नळीनं ओढलंत तसं. माडाच्या अंगात अशा नळ्याच नळ्या, केसासारख्या, सगळ्या बुंध्यात पसरलेल्या. म्हणून चढायला खाचा पाडल्या तरी माड मरत नाय — थोड्या नळ्या तुटल्या, बाकीच्या हायतच. आंब्याची साल गोल सोलून काढा, आंबा हळूहळू मरतो, कारण पानात झालेलं जेवण सालीतून खाली मुळाला जातं, ती वाटच बंद. माडाचं तसं नाय. एका वाटेनं पाणी वर, शेजारच्या वाटेनं पानात झालेली साखर जिथं भूक असेल तिथं — मुळाला, कोंबाला, फळाला. खोटं वाटतं? तुमी संध्याकाळी तांब्यातून तीर्थ घेता ना, ते काय हाय? फुलाची पोय कापायची, तिच्या तोंडाशी मडकं बांधायचं, नारळाच्या वाट्याची साखर मडक्यात ठिबकते. त्याला आमी माडी म्हणतो. तुमी तीर्थ म्हणता. नाय, तुमी काहीच म्हणत नाय, पण दुसरा तांब्या खुणेनं मागता.

हे सगळं मला कुणी शिकवलं? माझ्या भावानं, रामूनं. उमरोळीला असतो. त्याच्या माडांना हीच अळी लागली होती. ठाण्याहून शेतकी खात्याची जीप आली, त्यांनी करून दाखवलं. आणि आता तुमाला एक सांगते बुवा, कुणाला सांगितलेलं नाय, यांना तर नायच — तुमी मौनात हाय म्हणून सांगते, तुमच्यापाशी ते विहिरीत टाकल्यासारखं हाय. मी औषध घातलं. बांधाकडच्या सातही माडांना. हे तुमचे पाय चेपत होते तेव्हा. रामूनं बाटली आणून दिली, वर कवटीचं चित्र, मी तर हाताला दोन पिशव्या बांधून घेतल्या. माती उकरायची, तांबूस कोवळं मूळ शोधायचं, कोयत्यानं तिरकं कापायचं, औषधाची पिशवी त्याला बांधायची, वर माती ढकलायची. काल पिशव्या बांधल्या, आज सकाळी बघते तर सगळ्या रिकाम्या! ढग होता तोवर नुसतं चाखलं असेल, पण काल दुपारचं ऊन बघितलंत ना? घटाघटा प्यायले. शहाण्यांनो, प्या, म्हटलं, शेंड्यापर्यंत न्या. बघा, सांगताना अंगावर काटा आला. सात पोरांना आपल्या हातानं जहर पाजल्यासारखं वाटत होतं, आणि तेच त्यांना जगवणार.

फक्त एक पथ्य हाय. त्या माडांचं फळ महिना-दीड महिना तोडायचं नाय. पाण्यात उतरतं ना ते.

काय झालं? शहाळं का खाली ठेवलंत? पुरं झालं? बरं. असं हातवारे करू नका, मला कळत नाय — यांना कळतं तुमचं बोट. माड? कुठला माड, असं विचारताय? नाय? घसा? घाम आला तुमाला, उकाडाच हाय. घाबरू नका हो, माड काय लगेच फळाला देत नाय. ऊन तापलं की आधी ओढतात पानं, फळाच्या वाट्याला उशिरा येतं. उशिरा म्हंजे किती, ते रामूनं सांगितलं नाय. मी विचारलं नाय. आणि देवूला मी विहिरीजवळच्यावरच चढ म्हणून सांगितलं होतं. आता मी चुलीपाशी, मला काय दिसतंय तो कुठं चढला. बांधाकडची झाडं ठेंगणी, त्याला चढायला सोपी... जीभ कशी वाटते? दाखवा बघू. बुवा, उभे का राहिलात? मौन हाय ना तुमचं, शांत बसा. अहो बुवा —

काय?

काय म्हणालात? परत बोला. नाय, नीट बोला, हे दारातच उभे हायत, त्यांनाही ऐकू दे. ‘कुठल्या माडाचं हाय ते सांग, बये’ — असं म्हणालात ना? बये! ऐकलंत का हो? बुवा बोलले. आणि आवाज केवढा खणखणीत! मी काय केलं? मी नुसतं माडाला पाणी कसं चढतं ते सांगत होते. विचारा त्यांनाच, आता बोलतात ते. थांबा, मधे बोलू नका, आज एक वाक्य माझं पुरं होऊ दे. औषध मी घातलं, सातही माडांना, आणि आता ते माड मी जाऊ देणार नाय. झालं वाक्य. एवढंच होतं. आता ओरडा.

 

बुवा, मोरीकडं कशाला धावता, विहिरीजवळच्याच माडाचं होतं ते. पहिल्या घोटालाच सांगितलं होतं. देवू सांगितलेलाच माड चढतो. डोळे मिटून बसलं की ऐकू येत नाय बहुतेक. चूळ भरा, आसन गुंडाळा, बोईसरची एसटी देवळापाशी थांबते. आणि जाताना आळ्याच्या कडेनं जा, मूळ तुडवू नका.

आणि अहो, तुमी असे दारात ओलेते का उभे? तांब्या भरलाय ना? मग फुकट घालवू नका. माझा गुडघा दुखतोय. चला बांधाकडं, शेवटच्या माडाला ओता. असं लांबून नाय — मुळाशी.