हिद्दच्या कॅम्पातली सभा कोणी ठरवली

दि. १० फेब्रुवारी १९७९, शनिवार, सकाळी ९ वाजून २० मिनिटे. हिद्दजवळील पोलीस ठाणे, बहरीन.

नाव शिवदास बाळा पांगेरकर, वय ३९ वर्षे, धंदा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, राहणार कामगार कॅम्प, हिद्द. मूळ गाव पालशेत, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. मला अरबी येत नाही. ठाण्याचे दुभाषी अलीमियाँ, मूळचे दापोलीचे, माझे म्हणणे मराठीत उतरवून घेत आहेत. मी समक्ष हजर राहून सांगतो की,

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला दोन उमेदवार आहेत. एक जयप्रकाश, बँकेत अकाउंटंट, राहणार जनाबिया. दुसरा गुंडू, माझ्याच कॅम्पातला, गोदीत जहाजांना रंग देतो. मतदानाआधी दोघांनी सर्वांसमोर एकमेकांना प्रश्न विचारायचे, अशा तीन सभा ठरल्या. पहिली कुठे घ्यायची यावर तीन आठवडे डोकेफोड झाली. मंडळाचा कुठल्याही पक्षाशी संबंध नाही. गणपतीत नाटक बसवायचे की आजारी माणसाला गावी पोचवायची सोय करायची, एवढेच आमचे राजकारण.

जयप्रकाशला मनामातले हॉटेल हवे होते. सभेच्या पोलीस परवानगीचे हॉटेलवाले बघतात, असे तो म्हणाला होता. त्याचे बरोबर होते. कमिटीत मते सारखी पडली आणि शेवटचे मत माझे होते. मी हिद्दचा कॅम्प म्हणालो.

कारण विचारले म्हणून सांगतो. मागच्या गणपतीचा कार्यक्रम त्याच हॉटेलात होता. मी कॅम्पातली चाळीस माणसे बसने नेली. गुंडूच्या पायात चपला होत्या म्हणून दारवानाने त्याला आत घेतले नाही. तो अडीच तास माझ्या बसमध्ये बसून राहिला. परतताना प्रसाद कसला होता, एवढेच त्याने विचारले. त्याच दिवशी माझ्या डोक्यात बसले होते की मंडळाचा पुढचा कार्यक्रम कॅम्पात होईल. कॅम्पाच्या आत कसली परवानगी, असे मी धरून चाललो. कोणाला विचारले नाही.

गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर गुंडूने मेसच्या बाहेरच्या भिंतीवर उरलेल्या लाल रंगाने दोघांच्या निशाण्या काढल्या. गावाकडे निवडणुकीत भिंती रंगवतात, तशा. ती भिंत रस्त्याकडे तोंड करून आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही. शिडी कोणत्या पक्षाची, असे मला विचारण्यात आले. शिडी गुंडूची. त्याचा अर्धा जन्म शिडीवर गेला आहे. छत्री जयप्रकाशची. इथे पाऊस वर्षातून चार दिवस, तरी त्याने छत्रीच मागितली. गुंडूने ती स्वतःच्या शिडीपेक्षा थोडी मोठीच काढली आहे, मोजून बघावी.

काल शुक्रवारी दुपारी चार वाजता सभा सुरू झाली. अंदाजे दीडशे माणसे होती. चार पंचवीसला पोलिसांची गाडी आली. सभा कोणी बोलावली, असे साहेबांनी विचारले. कोणी बोलेना. मी वीस पावलांवर बसजवळ उभा होतो. गुंडूच्या हाताला अजून लाल रंग होता. तो उठला आणि म्हणाला, "मैं बुलाया, साब." त्याला गाडीत बसवले. मी पुढे गेलो नाही. पाच वाजता बस सुरू करून शिफ्टची माणसे गोदीत सोडली. याची मला लाज वाटते.

आज सकाळी सहा वाजता जयप्रकाश कॅम्पात आला. तो म्हणाला, "शिवदास, गुंडूने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. तुम्ही वेगळं काही सांगू नका. एक माणूस गावी परत जाईल, पण मंडळ राहील." माझा व्हिसा एप्रिलमध्ये संपतो, याची त्याने आठवण करून दिली. माणूस वाईट नाही.  मी सकाळची शिफ्ट गोदीत सोडली आणि बस घेऊन इथे आलो.

जागा कोणी ठरवली, असे मला आता तिसऱ्यांदा विचारण्यात आले. मी ठरवली. यावर अलीमियाँनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "इचार कर शिवदास. तुझी दोन पोरं शाळेत हायत. सही झाली का खलास." विचार मी कालच, त्या वीस पावलांत करायला हवा होता.

वरील मजकूर अलीमियाँनी मला वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी "जागा गुंडूने ठरवली" असे लिहिले होते. ते माझ्या भल्यासाठीच लिहिले, हे मला कळते. ती ओळ मी खोडायला लावली, वर माझे नाव घालून घेतले आणि शेजारी सही केली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.

बसची चावी टेबलावर ठेवली आहे. दोन वाजता शिफ्ट सुटते, बेचाळीस माणसे गेटवर उभी राहतील. कोणाला तरी बस घेऊन पाठवावे. गुंडूला सोडाल तर त्यालाही त्याच बसने कॅम्पात न्यावे. तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतो.

सही
शिवदास बाळा पांगेरकर