टेबलावरचा दिवा

(संध्याकाळ. स्वयंपाकघर. सून भांडी विसळते आहे, सासू पुसते आहे.)

सासू : तीच वाटी कितीदा विसळशील? काय म्हणाले तुझे साहेब? घेतला कालचा राजीनामा?

सून : कुठला घेताहेत, आई! म्हणाले, हॉस्पिटलवाले देतील त्याहून जास्त मी देतो. शिवाय लॅबची प्रमुख करतो. उद्या सकाळी सांग म्हणाले.

सासू : अगं बाई! इतकी वर्षं काय मिठाची गुळणी धरून बसले होते?

सून : असं नका ना बोलू. खोटे दात करायला त्यांनीच शिकवलं मला. ‘तू गेलीस तर माझा उजवा हात गेला’ म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे.

सासू : आणि तुझे?

सून : माझेही.

सासू : मग राहा की. पगार वाढतोय, मान वाढतोय. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला?

सून : आज टेबलापाशी गेले, तर तिथे दिवा होता. भिंगाचा. दाताची बारीक कड दिसावी म्हणून कधीची मागत होते मी. दर वेळी, ‘पुढच्या महिन्यात बघू.’

सासू : बघ! एका रात्रीत आणला की नाही?

सून : आणला नाही हो. शिपाईकाका म्हणाले, मागच्या खोलीतच पडला होता. खोक्यावर बोटभर धूळ.

सासू : अस्सं.

सून : वाईट नाहीत ते. माझं चाललंय ना, मग चालू दे, असं वाटलं असेल. पण मला फार लागलं ते, आई.

सासू : लागणारच गं. आणि त्या हॉस्पिटलात असं काय सोनं लागलंय?

सून : माणसं आहेत तिथे. लॅबमध्ये नुसते प्लास्टरचे साचे येतात. दात करायचे, डबीत घालायचे, पाठवून द्यायचे. कोणाच्या तोंडात गेले, देव जाणे. तिथे माणूस समोर बसेल. कुणी अपघातातून उठलेला, कुणी ऑपरेशन झालेला.

सासू : तू केलेली माझी पहिली कवळी आठवते?

सून : नका ना काढू तो विषय!

सासू : का नको? सगळे दात एका रांगेत, पांढरेशुभ्र. तुझ्या लेकीनं मला बघून भोकाड पसरलं. ‘ही आजी नाहीच!’

सून : मग तुमचा जुना फोटो शोधून पुढचा दात जरासा वाकडा केला.

सासू : जरासा? चांगला वाकडा! आरशात बघितलं आणि रडले मी. वाटलं, आले बाई मी परत. तेव्हा तू जशी हसलीस ना, तशी लॅबमधून येऊन कधी हसली नाहीस.

सून : आणि तिथे नाहीच जमलं तर?

सासू : तर घरी ये, चहा पी, दुसरं शोध. आम्ही काय मेलोय? आता ती वाटी दे इकडे, झिजली बिचारी.

सून : घ्या. जाते मी, आई. उद्या सकाळीच सांगते साहेबांना. तुमचे उपकार विसरणार नाही, पण जाते म्हणून.

सासू : नीट सांग हो. गोडीनं. आणि तो दिवा? म्हणतील, तुझ्यासाठी काढला होता.

सून : राहू दे तिथेच. माझ्या जागी जी येईल, तिला मागावा लागणार नाही.