उलटं पान

(रफूच्या दुकानात.)

मुलगी: …आणि पत्राच्या शेवटी लिहिलंय, "नव्या आवृत्तीत चूक आहे, तुमचंच बरोबर आहे." बाबा, वाचून असं झालं, की धरणी पोटात घेईल तर बरं.

आई: कौतुक केलं तरी धरणी? शिव्या घातल्या असत्या तर काय मागितलं असतंस?

रफूगर: थांब गं, तिला बोलू दे. आणि पोरी, तू बोलता बोलता ही सुई ओवून दे, राखाडी धाग्याने. हल्ली मला एका सुईला दोन नेढी दिसतात.

मुलगी: द्या इकडे.

आई: आधी मला सांग, सुट्टीच्या दिवशी हे फुकटचं काय करत असतेस? नोकरीतलं तर नव्हे हे.

मुलगी: नाही. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो ना, तिची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. नवीत तयार सोयी जास्त असतात, पण काहींना जुनी सोडताच येत नाही. हा पत्र लिहिणारा रक्त तपासायच्या लॅबमधला आहे. यंत्र जुनं, त्याला जोडलेला कॉम्प्युटर जुना, म्हणून भाषाही जुनी. अशांसाठी मी नवीतली सोय उचलते आणि जुनीत जे आहे तेवढ्यातच ती लिहून देते.

रफूगर: म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडातला धागा काढून भोक भरायचं. बाहेरचा धागा आणायचा नाही.

मुलगी: अगदी तेच. आणि नावही मूळचंच ठेवायचं. उद्या त्यांच्याकडे नवं यंत्र आलं की माझा तुकडा काढून टाकायचा, कुणाला पत्ताही लागायला नको.

आई: मग लागला कसा?

मुलगी: नवीत यादीचे गट पाडायची एक सोय आहे. रक्ताच्या त्रेपन्न नळ्या असल्या, तर दहा-दहाचे पाच ट्रे आणि सहाव्यात उरलेल्या तीन. मला तो अर्धवट ट्रे बघवेना. म्हणून माझ्या तुकड्यात मी उरलेल्या सात जागा कोऱ्या खुणांनी भरून टाकल्या. म्हटलं, कसं नीटनेटकं दिसतं.

रफूगर: हं.

मुलगी: त्याने पुढचं सगळं काम त्या भरलेल्या ट्रेवर बेतलं. तीन वर्षं सुरळीत चाललं. गेल्या आठवड्यात नवं यंत्र आलं, माझा तुकडा निघाला आणि शेवटच्या ट्रेला सगळं अडलं. सात जागा गेल्या कुठे? अख्खी सकाळ लॅब ठप्प, माणसं रिपोर्टसाठी बाकावर खोळंबलेली. आणि तो बिचारा नव्या आवृत्तीला दोष देतोय.

आई: यात तुझी कसली चूक? तू तर सुधारलंस.

रफूगर: तीच चूक.

मुलगी: लाज वाटते हो, बाबा. वाटतं, हे कामच बंद करावं.

आई: खाण तशी माती. अहो, शालीचं सांगा तिला.

रफूगर: ते कशाला आता उकरून काढायचं?

आई: सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मी तिखटमीठ लावून सांगेन.

रफूगर: तू तेव्हा दुसरीत असशील. एक शिक्षिकाबाई त्यांच्या आईची शाल घेऊन आल्या. आई नुकतीच गेलेली. काठाला वेलीची नक्षी, तिथेच कसर लागून भोक पडलेलं. ते मी भरलं. पण शेजारचं एक पान विणणाऱ्याकडून उलटं पडलं होतं. माझे हात शिवशिवले. तेही सरळ करून टाकलं. बाईंनी शाल घेतली, दोनदा काठ चाचपला आणि म्हणाल्या, "ही आमच्या आईची नाही."

मुलगी: अगं बाई. मग?

रफूगर: लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्या ते उलटं पान शोधायच्या. मी भोक बुजवलं आणि आईच पुसून टाकली. सरळ करायला एक दिवस लागला होता, परत उलटं करायला चार.

आई: आणि त्या चार दिवसांत घरात कुणाशी सरळ बोलले नाहीत.

मुलगी: त्या बाईंना सांगितलंत? शाल तीच आहे, पान तुम्ही बदललंत म्हणून?

रफूगर: तिथल्या तिथे, तोंडावर. दुकान बंद करावं असं मलाही वाटलं होतं. पण बंद केलं असतं, तर पान सरळच राहिलं असतं ना.

मुलगी: माझं तेवढं सोपं नाही. मी आता मूळ वागणं आणलं, तर जे अजून जुन्यावर आहेत आणि भरलेल्या ट्रेवर विसंबून आहेत, त्यांचं अडेल.

रफूगर: तुझं ते भरणं कामाचं आहे का?

मुलगी: आहे की. पुष्कळांना तेच हवं असतं.

रफूगर: मग दुसऱ्याच्या नावावर का खपवतेस? त्याला त्याचं नाव दे. मूळ नावाखाली मूळचंच वागणं. अर्धा ट्रे तर अर्धा ट्रे.

मुलगी: दोन नावं… ज्यांना भरलेला हवा, त्यांनी एक शब्द बदलायचा. महिनाभर आधी सगळ्यांना कळवते. आणि माझ्या तुकड्याचं नाव वेगळं असलं, तर तो नव्या यंत्रावरही चालेल.

रफूगर: पण त्या लॅबवाल्याला पत्र आजच लिही. आधी चूक कुणाची ते, मग उपाय.

आई: आणि सुई? ओवलीस, की तिच्यातही सुधारणा चालल्यात?

मुलगी: कधीच ओवली. घ्या, बाबा.

(चार दिवसांनी, त्याच दुकानात.)

रफूगर: आलं का उत्तर?

मुलगी: आलं. सुरुवातीला चिडलाय थोडा. म्हणतो, "इतके दिवस मी भलत्यालाच बोल लावत होतो." पण मग नवं नाव घालून पाहिलं त्याने.

आई: काय ठेवलंस गं नाव?

मुलगी: 'शाल' ठेवणार होते, पण कुणाला काही कळलं नसतं. 'भरलेले गट' ठेवलं.

रफूगर: चाललं?

मुलगी: जुन्यावर आणि नव्यावर, दोन्हीकडे. खाली एवढीच ओळ आहे, "बदलून पाहिलं. काहीच बदललेलं दिसत नाही."

आई: इतकं राबलीस, आणि वर हे ऐकून घ्यायचं?

रफूगर: पुन्हा वाच बरं.

मुलगी: "काहीच बदललेलं दिसत नाही."

रफूगर: चाळीस वर्षांत मला हे तिघांनीच म्हटलंय. त्यातल्या एक त्या शिक्षिकाबाई.