एक ओळ उलटी

नाही नाही, झालाय. या खेपेला खरंच झालाय. तू अशी बघू नको माझ्याकडे — तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत बसून मी लोकांना ‘झालंय, फक्त सही राहिली’ असं सांगत आलो, लोक असेच बघायचे, ती नजर मला पाठ आहे. बस मिनल. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय माझ्या गुडघ्यासारखा आहे, कधी साथ सोडेल सांगता येत नाही. इकडे बस, उन्हात. स्वेटर आत आहे, तुझ्या काकूच्या मांडीवर. दहा-पंधरा मिनिटं राहू दे तिच्याजवळ, हात फिरवून राहिली ती त्याच्यावरून. मग देतो. वाढदिवस उद्या आहे ना? मग झालं तर. अजून आजच आहे.

तोवर हे कार्ड बघ. कार्डं म्हणायला पाहिजे, तीन झालीत. पहिल्यावर पाळणा, ‘बारशानिमित्त’ — हे मागच्या फेब्रुवारीतलं. दुसऱ्यावर वाटी-चमचा, ‘उष्टावणानिमित्त’ — चमचा फावड्यासारखा झालाय, मला माहीत आहे. आणि हे तिसरं, ‘प्रथम वाढदिवसानिमित्त’. तिन्ही घेऊन जा. तुझ्या बहिणीला, काजलला म्हणावं, तुझ्या मुलीचं प्रकरण काकांकडे वर्षभर प्रलंबित होतं, हा त्याचा पत्रव्यवहार. नाव बरोबर आहे का बघ — प्रियदर्शनी. केवढं नाव ठेवलं बापा तुम्ही एवढ्याशा पोरीचं, अक्षरं अशी दाबून बसवावी लागली जशी इतवारीच्या ऑटोत सवाऱ्या बसवतात. कागद ना? लग्नपत्रिकांचा. आपल्या लेआउटच्या वस्तीत दर उन्हाळ्यात वीस-पंचवीस पत्रिका येतात, एकेक अशी जाड की लग्न टिको न टिको, पत्रिका टिकते. त्यातला कोरा भाग कापून घ्यायचा. अडचण एकच, गणपती. तो दर पत्रिकेवर असतो. फेकता येत नाही, आणि चमच्याशेजारी चिकटवताही येत नाही. म्हणून कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. दीडशेच्या वर झालेत. खरं म्हणजे या घरात विघ्नाला शिरायला जागाच उरायला नको होती.

खालची सही? ‘चंद्रकलाकाकू’. ओळखलीस ना — तिचा तो ‘क’, पोट पुढे काढलेला. माझी आहे ती सही. दोन वर्षं झाली, माझीच. कचेरीत साहेब दौऱ्यावर गेले की मी ‘करिता’ लिहून खाली सही ठोकायचो, आणि कारभार चालायचा. इथेही तसंच, फक्त ‘करिता’ लिहायचं सोडलं. तुझी काकूसुद्धा दौऱ्यावरच असते हल्ली. इथेच बसून.

मागच्या आठवड्यात आलीस तेव्हा ‘झोपली आहे’ म्हणालो. त्याच्या आधी ‘देवळात गेली’. त्याच्या आधी लिंबू रंगाची लोकर इतवारीत मिळत नाही असं सांगितलं — हे तू खरं मानून जरीपटक्यापर्यंत जाऊन तीन गुंडे घेऊन आलीस, मला फार लाज वाटली, आणि ते तिन्ही गुंडे बाळाला ऊब देण्याइतके चांगले निघाले. लोकरीचा काही दोष नव्हता. ऐक, आता सही उघडी पडलीच आहे तर पुढचंही सांगतो — स्वेटर मी विणतो. हो, मी. हसायला हरकत नाही, सकाळच्या फिरण्याच्या मंडळीतले मधुसूदनराव तर वर्षभर हसले, मे महिन्यात कूलरसमोर बसून लोकर विणणारा नागपुरात दुसरा माणूस दाखवा म्हणाले. नाही दाखवता येणार. घामाने सुई हातातून सटकते, लोकर मनगटाला चिकटते. पण करणार काय, रिटायर झालो आणि हिच्या मागेमागे घरभर फिरायला लागलो, तर हिनेच एक दिवस दोन सुया हातात दिल्या — बसा एका जागी, म्हणाली. साठाव्या वर्षी शिकलो. माझा पहिला मफलर तिने अकरा वेळा उसवला. मोजून अकरा. बाराव्या वेळी म्हणाली, ‘चालते.’

‘चालते’ म्हणजे तू समजू नको काही कमी. त्याच्यावर पदवी नाही तिच्याकडे. उमरेडच्या विणकराची पोरगी ती, हातमागाच्या खड्ड्याशेजारी रांगलेली. तिचा बाप लुगडं विणून झालं की उलटं करून उजेडात धरायचा आणि चूक शोधायचा. सापडली की बरं वाटायचं त्याला, नाही सापडली तर दिवसभर बेचैन. त्या घरात कोणी कोणाच्या कामाला छान म्हणत नसे. छान हा शब्द पाहुण्यासाठी. पाहुणा काही घेऊन आला, दाखवायला लागला, की म्हणायचं — छान आहे, चहा घ्या. घरच्याची चूक काढायची. मी जावई झालो तेव्हा सासरे दोन वर्षं मला छान छान म्हणत होते, तिसऱ्या वर्षी म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे पण ओळ वर चढते. त्या दिवशी हिने मला बाजूला घेऊन सांगितलं, आता तुम्ही घरचे झाले. आणि हिने तर मला कधीच छान म्हटलं नाही, लग्नाच्या पहिल्या आठवड्यातसुद्धा नाही. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही नाही. तक्रार नाही करून राहिलो मी, समजून घे.

मागच्या जानेवारीत तू सांगून गेलीस, काकू, काजलच्या बाळासाठी पिवळा स्वेटर. तेव्हा तिने हो म्हटलं, टाके घातले, साठ. दुसऱ्या दिवशी मी बघतो तर सुया हातात, आणि बघून राहिली त्यांच्याकडे. एक सुई पेन्सिलीसारखी धरलेली. कचेरीत वरिष्ठांना काही सुचेनासं झालं की आपण फाइल हळूच ओढून घेतो, तशी ओढून घेतली आणि मी विणायला लागलो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते लिहूनही दिलं, पण तू कशाला ऐकतेस — हळूहळू म्हणाले, सगळं हळूहळू जाईल. कसलं हळूहळू. आधी माणसांची नावं गेली, मग माणसं गेली. पियुष, आमचा मुलगा, दिवाळीत आला तर त्याला विचारते, तुम्ही कोणाकडे आले? विणणं गेलं. सही गेली. बोलणंही जवळजवळ गेलं, दिवसचे दिवस तोंडातून शब्द नाही. पण एक राहिलं होतं.

फेब्रुवारीत, बारशाच्या दोन दिवस आधी, मागचा भाग पूर्ण झाला होता. सहज तिच्या मांडीवर ठेवला. तिने बोटं फिरवली — बघत नव्हती बरं, बघत होती खिडकीकडे — आणि बोटं एका जागी थांबली. माझ्याकडे वळली. सरळ माझ्याकडे, पूर्वी बघायची तशी, वैतागून. म्हणाली, ‘अजी, हा टाका उलटा काहून?’

सहा महिन्यांनी ‘अजी’ म्हणाली मला ती. खरंच चुकलेला होता, मला दिसलाही नव्हता. मी म्हटलं, चुकला. तर म्हणाली, ‘लक्ष कुठं राह्यते तुमचं?’ आणि उसवायला बसली. ते नव्हती विसरली. सरासरा उसवत गेली, मी गुंडाळत गेलो, ती पुढे मी मागे. तुझ्या भाचीचं बारसं गेलं. मला दुःख झालं असं मी तुला तेव्हा सांगितलं होतं, ते खोटं होतं.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. तू शिकलेली मुलगी आहेस. हो, नंतर मी मुद्दाम करायला लागलो. रोज दुपारी विणायचं, वीस-बावीस ओळी, त्यात एक टाका चुकवायचा. काखेत, नाहीतर बाहीच्या आतल्या बाजूला — सहज सापडेल असा नाही, तिला कमी लेखल्यासारखं झालं असतं. चार वाजता चहा झाला की मांडीवर ठेवायचा. आणि मग मी पेपर तोंडापुढे धरून बसायचो, एक अक्षर वाचत नव्हतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं — ‘अजी, हे काहून असं केलं?’ मग ती उसवणार, मी गुंडाळणार. उसवलेली लोकर शेवयांसारखी वेटोळी होते, ती वाफेवर धरून सरळ करायची, रात्रभर वाळवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुझी भाची वाढत होती, तसे टाके वाढवत गेलो — साठाचे बहात्तर, बहात्तराचे चौऱ्याऐंशी. उष्टावण गेलं. पावसाळा गेला. तू गेटातून आत येताना दिसलीस की मला धडकी भरायची. हा स्वेटर पूर्ण होणं मला परवडणारं नव्हतं, मिनल. असं काम मी कचेरीतसुद्धा केलं नाही, लोक काही म्हणोत.

शेवटचं कधी? संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी. डाव्या बाहीवर, मनगटाजवळ. ‘काहून जी?’ एवढंच म्हणाली, पण म्हणाली. उसवलं मात्र थोडंच, तीन-चार ओळी, मग धागा हातात धरून बसली. त्यानंतर नाही. पंधरा-सोळा दिवस होतील. मला वाटलं, माझीच चूक बारीक पडून राहिली. मग दोन टाके चुकवले. शेजारीशेजारी चार चुकवले. एक टाका सोडूनच दिला, बोट जाईल एवढं भोक — बोट फिरवलं तिने त्यावरून आणि पुढे गेली. ते भोक मी नंतर बुजवलं, काळजी करू नको. कोणी उसवेना, तर स्वेटर वाढत गेला. वाढणारच. विणत गेलं की पूर्ण होतो तो, हे मी विसरलोच होतो. काल गळा झाला, बाह्या जोडल्या, बटणं लावली. पांढरी, बदकाच्या आकाराची.

आणि एक केलं आहे. आधीच सांगून ठेवतो, तिकडे गेल्यावर तुला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून. पुढच्या बाजूला, ऐन छातीवर, एक अख्खी ओळ उलटी विणली आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळा स्वेटर गुळगुळीत सुलट आणि मधोमध हा बांध, शेतात असतो तसा. आंधळ्याच्या हातालाही लागेल. मला तसं विणताना हात मागे येत होते, खरं सांगतो. चूक करायलाही इतकं नीट बसून करावी लागते हे माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणावं, डिझाइन आहे. काजलला सांग, आजकाल अशीच फॅशन आहे बेसाकडच्या नव्या फ्लॅटांत.

तर तो स्वेटर आता आत आहे, तू आल्यापासून. त्याच्याही आधीपासून. तू घड्याळाकडे बघून राहिलीस, मला दिसतं. तुला आज रिकाम्या हाताने पाठवायला मिळालं तर मला फार आवडेल, राग मानू नको. आतून जर आवाज आला, तर मी तुझी माफी मागीन, त्या मुलीला बाजारातून चांगला दोन रंगांचा स्वेटर आणून देईन, आणि हा पुढच्या वर्षी. शंभर टाक्यांचा. ऐक — नाही, तो कुकर आहे शेजारच्यांचा.

बरं. थांब, बघून येतो. कार्डं हातात ठेव, वारा आहे.

घे.

पिशवीत घालूनच आणला. नाही, उसवला नाही. घडी केली होती तिने, मांडीवर, बाह्या आत घालून. मी म्हटलं, बघितलं का? तर त्या ओळीवरच हात होता तिचा. हसली माझ्याकडे बघून. छान आहे म्हणाली. चहा घ्या म्हणाली मला.

पैसेबिसे काही नाही, ठेव ते आत. उद्या वेळेवर पोचा. आणि जाताना गेट ओढून घे, गाय शिरते.